पुनर्जन्म पटत नाही. मग ध्यानाला बसावं का?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, साधना आवडली, रोज सकाळी बसणं सुरू आहे. पण घरचं वळण विवेकवादी, त्यामुळे प्रवचनातले जन्मोजन्मीचे संस्कार काही केल्या पटत नाहीत. पुनर्जन्म आणि कर्मफळ न मानता केलेलं ध्यान पोकळ ठरतं का? त्याला बौद्ध म्हणायचं की नुसता मनाचा व्यायाम? दुसरं शिबिर करावं का? आणि सासरची मंडळी आंबेडकरी बौद्ध आहेत. त्यांच्याबरोबर वंदनेला बसल्यावर त्रिशरण म्हणावं, की ते ढोंग होईल?

मी बरीच वर्षं बसते आहे. पुनर्जन्माबद्दल माझं उत्तर आजही 'माहीत नाही' एवढंच आहे. रविवारी आमच्याकडे काहीजण एकत्र बसतात, त्यांत देव मानणारे, न मानणारे, नुसती झोप लागावी म्हणून आलेले, असे सगळे आहेत. त्या अनुभवावरून सांगते, ध्यान पोकळ ठरत नाही. मात्र 'बाकी सगळं राहू द्या, मला फक्त तंत्र द्या' असा हिशेब असेल, तर थोडी शांतता मिळते आणि गाडी तिथेच थांबते. ते का, हे पुढे सांगते.

आधी आपल्या बाजूच्या लोकांचा एक लाडका समज दूर करू. 'बुद्ध पक्के बुद्धिवादी होते, पुनर्जन्म वगैरे नंतरच्या भिक्खूंनी घुसडलं' असं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण पाली सुत्तं, म्हणजे बुद्धांचे पाली भाषेत जपलेले उपदेश, उघडली की पानोपानी परलोक, देवलोक, पूर्वजन्म भेटतात. बोधीच्या रात्रीचं वर्णन मज्झिम निकायात आहे, त्यात पहिल्याच प्रहरी पूर्वजन्मांची आठवण आहे. महाचत्तारीसक सुत्तात तर 'परलोक नाही' या मताला सरळ मिथ्यादृष्टी म्हटलंय. यातलं मुळातलं किती आणि मागाहून आलेलं किती, यावर अभ्यासक वाद घालतात आणि घालत राहतील. पण आपल्याला नको तेवढंच नेमकं प्रक्षिप्त निघावं, हा योगायोग जरा जास्तच सोयीचा आहे.

चूळमालुंक्य सुत्ताचंही तसंच. मालुंक्यपुत्त हटून बसतो: जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेलं की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत, म्हणजे बुद्ध, मरणानंतर असतो की नसतो, हे सांगा, नाहीतर मी चाललो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतात. तो माणूस वैद्याला बाण काढू देत नाही. आधी सांगा म्हणतो, मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? (जखमी माणसाचा पहिला प्रश्न जातीचा! अडीच हजार वर्षांत आपण फार पुढे सरकलेलो नाही.) मग त्याचं नाव-गोत्र, उंची, धनुष्याची दोरी कशाची, बाणाला पिसं गिधाडाची की मोराची. उत्तरं मिळेपर्यंत तो मरणार, हे उघड आहे. हे सुत्त अज्ञेयवादी मंडळींचं आवडतं, माझंही आहे. पण मालुंक्यपुत्ताच्या त्या दहा प्रश्नांत 'सामान्य माणसाला पुनर्जन्म आहे का' हा प्रश्न नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. बुद्धांनी त्यावर मौन पाळलं असा पुरावा म्हणून हे सुत्त वापरता येत नाही. त्यातून मिळतो तो अग्रक्रम: आधी बाण काढा.

आपल्या उपयोगाचं खरं सुत्त कालामांचं. केसपुत्त गावाच्या लोकांकडे रोज नवा श्रमण-ब्राह्मण यायचा, आपलं तेवढं खरं म्हणून सांगायचा आणि दुसऱ्याची टर उडवायचा. 'ऐकीव आहे, परंपरेने आलंय, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात, एवढ्यावर मानू नका' हा भाग आता मोबाइलवर सुविचार म्हणून फिरतो. शेवट मात्र कुणी वाचत नाही. तिथे बुद्ध कालामांना चार दिलासे देतात. मन वैररहित, द्वेषरहित केलेल्या माणसाला परलोक असला तर तिथे चांगलीच गती मिळेल. परलोक नसला तर इथे, याच आयुष्यात तो सुखाने राहतो. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल, तर ज्याने वाईट केलंच नाही त्याला भीती कसली? होत नसेल, तरी तो दोन्ही बाजूंनी शुद्धच. म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या ठेवूनही साधना करता येते, हे खुद्द पाली वाङ्मयात लिहिलेलं आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी याहून नेमकं कुठे सापडलेलं नाही.

तुमच्या पत्रात 'अज्ञेयवादी' आणि 'नास्तिक' हे शब्द एकमेकांच्या जागी आलेत, त्यांत फरक ठेवा. थॉमस हक्स्लेने १८६९ मध्ये अज्ञेयवादाची कल्पना मांडली तेव्हा त्याला म्हणायचं होतं की बुद्धी नेईल तिथपर्यंत निःसंकोच जावं, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्याचा आव आणू नये. ही शिस्त दोन्हीकडे लागू होते. 'पुनर्जन्म आहेच' म्हणणाऱ्याइतकाच 'नाहीच' म्हणणाराही शिबिरात दहा दिवस मनातल्या मनात वादच घालत बसतो. मी असे कितीतरी पाहिलेत, विशेषतः चळवळीतले. सायंकाळच्या प्रवचनात एक वाक्य खटकलं की दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या बैठका त्याचं खंडन करण्यात जातात.

आता प्रत्यक्ष बसण्याकडे येऊ. पुनर्जन्माशिवाय काय उरतं ते तिथेच दिसतं.

अधिष्ठानाची बैठक आठवा: तासभर हलायचं नाही. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास उजवा गुडघा पेटतो. नीट पाहिलं तर तिथे एक सलग 'दुखणं' नसतं. उष्णता असते, दाब असतो, ठणका असतो, आणि त्याच्या कडा सरकत असतात. त्याला लागूनच विचार उभा असतो: लिगामेंट फाटलं असणार, उद्या चालता येणार नाही, हे लोक वेडे आहेत. आणि दोहोंच्या मागे एक आवळलेपण, जबड्यात, खांद्यांत, श्वासात. मग तासाच्या शेवटी ध्वनिमुद्रित पाली गाथा सुरू होतात. गाथा सुरू झाल्या म्हणजे पाचेक मिनिटांत सुटका हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या क्षणी गुडघा तसाच, मांडी तशीच, रक्त तितकंच अडलेलं, पण दुखणं अर्ध्यावर येतं. शिबिर केलेल्या कुणालाही विचारा, ओळखीचं हसेल.

अर्धं दुखणं गेलं कुठे? 'कधी संपणार' हा विरोध संपला, म्हणून ते गेलं. संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात हेच दोन बाणांच्या रूपात सांगितलंय. शरीराची वेदना हा पहिला बाण, तो सगळ्यांना लागतो. तिच्यावर चडफडणं हा दुसरा, तो आपण मारून घेतो. हे समजायला मागच्या जन्मीचा कुठलाही संस्कार मधे आणावा लागत नाही, आणि आणल्याने अनुभव जास्त खोल होतो असंही नाही. तुम्ही प्रामाणिकपणे तपासू शकता ते एवढंच: प्रतिक्रिया थांबली की त्रास बदलतो का? उत्तर मिळायला मरेपर्यंत थांबावं लागत नाही.

ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींच्या मांडणीत या गोष्टीला एक सिद्धान्त जोडलेला आहे: समतेने पाहिलं की साठलेले जुने संस्कार थराथराने वर येतात आणि निर्जरतात, म्हणजे झडून जातात. यातला पहिला भाग, म्हणजे समतेने पाहिल्यावर सवयीची प्रतिक्रिया ढिली पडते, हा अनुभवाला येतो. दुसरा, म्हणजे ती संवेदना कुठल्याशा जुन्या, कदाचित पूर्वजन्मीच्या संस्कारातून आली, हे अनुमान आहे. गुडघा मांडी घातल्यामुळेच दुखत असण्याची शक्यता बरीच जास्त. आणि हे मी पदरचं सांगत नाही. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काहीजण म्हणतात, तुमचं काय? बुद्ध यादी देतात: काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या संयोगाने, काही ऋतू बदलल्याने, काही हयगयीने, काही मार लागल्याने, आणि काही कर्मविपाकाने. सगळं पूर्वकर्माचंच म्हणणारे स्वतःला माहीत असलेल्या मर्यादेच्या बाहेर बोलतात, असा शेराही ते मारतात. कर्म यादीत आहे, पण आठवं. प्रवचन ऐकताना अडखळायला झालं की मला हे सुत्त आठवतं.

प्रवचनांतला आधुनिक भौतिकशास्त्राचा दाखला मात्र सरळ सोडून द्या. अंगावर जाणवणाऱ्या मुंग्या म्हणजे अणू-परमाणूंचं स्पंदन नव्हे. ती तुमच्या मज्जासंस्थेची करामत आहे, आणि तीही पाहण्यासारखी आहेच.

असं असूनही मी लोकांना गोयंका परंपरेचं शिबिर का सुचवते? कारण शिस्त. सत्यनारायण गोयंका मूळचे मंडालेचे व्यापारी, अर्धशिशीने बेजार होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबनीस. चीवर घातलेले भिक्खू नव्हेत. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत झालं; इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, फोन नाही, वही नाही, पहिले साडेतीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, मग विपश्यना, आणि राहण्या-जेवण्याचे पैसे नाहीत, शेवटी मनाला येईल ते दान. इतका वेळ स्वतःच्या मनाबरोबर फुकट बसू देणारी जागा महाराष्ट्रात दुसरी सहज सापडणार नाही. तेव्हा दुसरं शिबिर जरूर करा, पण वर्षभर घरी नियमित बसल्यावर. दहा दिवस त्यांच्या पद्धतीने पूर्ण करा, तिथे भेसळ करू नका; घरी आल्यावर काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. परंपरेतले जुने साधक यावर नाराज होतील. होऊ देत.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावर बराच विचार झालाय, त्यातलं एक नाव तुमच्या कामाचं आहे: स्टीफन बॅचेलर. हा ब्रिटिश माणूस तरुणपणी धर्मशाळेला आला, तिबेटी परंपरेत भिक्षू झाला, मग कोरियात झेन साधना केली, आणि पुढे चीवर उतरवलं. १९९७ च्या पुस्तकात त्याने अज्ञेयवादी बौद्ध भूमिका उघडपणे मांडली. त्याचा एक मुद्दा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. चार आर्यसत्यं ही मानायची चार विधानं आहेत असं आपण शाळेपासून पाठ करतो. पण धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात प्रत्येकाबरोबर एक काम दिलेलं आहे: दुःख पुरतं जाणायचं, तृष्णा सोडायची, तिचा निरोध प्रत्यक्ष अनुभवायचा, मार्ग घडवायचा. ही कामं आहेत म्हटल्यावर 'तुमचा विश्वास आहे का' हा प्रश्नच मागे पडतो. तुम्ही ते केलंत का, एवढंच विचारायचं राहतं.

हे गादीवर बसून जेवढं होतं त्याच्यापेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जास्त होतं. रात्री साडेनऊला कुणीतरी पार्किंगवरून तुमचं नाव न घेता तुम्हालाच उद्देशून टोमणा मारतो. वाचल्याबरोबर काय होतं ते पाहा. छातीत गरम, कानशिलं तापलेली, आणि अंगठा आधीच टाइप करायला लागलेला. 'मी रागावलो' हा विचार त्याच्या नंतर येतो. संवेदना आणि अंगठा यांच्यामध्ये जी फट आहे ती आधी दिसतच नव्हती, आणि रोज बसणाऱ्याला ती हळूहळू दिसायला लागते. दिसली म्हणून दर वेळी थांबता येतंच असं नाही. पण टोमण्याला उत्तर द्यायचंच झालं तर मग ते पार्किंगबद्दल देता येतं. तृष्णा, द्वेष, निरोध हे शब्द ग्रंथांतून बाहेर येतात ते इथे.

आता तुमच्या प्रश्नात जो भाग नाही, आणि माझ्या मते असायला हवा, त्याकडे येते. धर्मनिरपेक्ष बौद्ध विचार परदेशातून आपल्याकडे आला असं तुम्ही धरून चालला आहात. मराठी माणसाने तरी असं धरू नये. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने दीक्षा घेतली तेव्हा बॅचेलर तीन वर्षांचे होते. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तुमचे सगळे प्रश्न आधीच विचारलेले आहेत. आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कुणाचा? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा पटण्यासारखी आहे का? एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं? ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हे प्रश्न आहेत. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचं कारण आहे.

त्यांच्याही आधी साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी, ज्यांनी पाली शिकण्यासाठी गोवा सोडून थेट श्रीलंका आणि ब्रह्मदेश गाठला, गृहत्यागाच्या कारणासाठी सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवलं होतं. त्यात बुद्ध स्वतःच्या तोंडून सांगतात की आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसं एकमेकांशी झगडताना पाहिली आणि मला भय वाटलं. म्हणजे सुरुवात परलोकाच्या कोड्यापासून नाही, शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणापासून आहे. त्याच कोसंबींनी 'समाधिमार्ग' नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं. ध्यानावर वाचायचं तर इंग्रजी ॲपपासूनच सुरुवात करायला पाहिजे असं नाही.

आणि बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धान्त का नाकारला, तेही नीट पाहा. तुम्हा-आम्हाला तो 'अवैज्ञानिक' म्हणून खटकतो. त्यांना तो खटकला कारण मागच्या जन्मीच्या पापामुळे हा जन्म, हे वाक्य ज्यांच्या माथी मारलं गेलं ती माणसं त्यांच्यासमोर उभी होती. चवदार तळ्याचं पाणी घेऊ न देणाऱ्या समाजाला या सिद्धान्ताने आयती सबब दिली होती. शिबिरात 'हे तुमचेच जुने संस्कार' असं ऐकताना काही दलित साधकांच्या पोटात कालवतं ते याचमुळे, आणि ते कालवणं रास्त आहे. माझ्या अज्ञेयवादाला इथे एक अट आहे. पुनर्जन्माबद्दल माहीत नाही म्हणेन. पण कुणाच्या गरिबीचं, आजाराचं, अत्याचाराचं कारण पूर्वजन्मात आहे असं म्हणणाऱ्यापुढे 'माहीत नाही' म्हणून गप्प बसणार नाही.

चळवळीतल्यांचा दुसरा आक्षेप तुम्ही सासरी ऐकला असेलच: डोळे मिटून बसल्याने काही बदलत नाही, उलट लढणाऱ्याचा राग थंड होतो. यात तथ्य आहे. ज्या ध्यानाने अन्यायासमोरही माणूस 'अनिच्च, अनिच्च' (सगळं अनित्य आहे) म्हणत बाजूला होतो, ते ध्यान चुकलेलं आहे. पण याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. वर्षानुवर्षं मोर्चे, सभा, केसेस यांत खपलेले कार्यकर्ते आतून जळून गेलेले, घरच्यांवर ओरडणारे, रात्री झोप नाही. त्यांना सकाळची अर्धी घटका द्यायला हरकत कसली? बाबासाहेबांच्या ग्रंथात सम्यक् समाधी आहेच. मनाला कुशलाचा विचार करायची कायमची सवय लावणं, असा तिचा अर्थ तिथे येतो. पुण्या-नागपुरात त्रिरत्न बौद्ध महासंघाने आंबेडकरी वस्त्यांमधून आनापानाबरोबर मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवली. संघरक्षित हा इंग्रज भिक्खू बाबासाहेबांना भेटलेला होता, त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी नागपुरात होता, त्यातून हे पुढे वाढलं. म्हणजे दोन्ही एकत्र चालू शकतं, हे नुसतं म्हणणं नाही.

पाश्चात्त्य धर्मनिरपेक्ष ध्यानाची उणीव नेमकी याच्या उलट आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. रुग्णालयात चालावं म्हणून बुद्धाचं नाव बाजूला ठेवलं, आणि त्या जागी ते योग्यच होतं. पुढे तीच गोष्ट कंपन्यांत गेली. तिथे शील गळालं, संघ गळाला, आणि बारा-बारा तास राबणाऱ्या कर्मचाऱ्याला 'तुझा ताण तू सांभाळ' एवढंच उरलं. तुम्हाला 'मनाचा व्यायाम' हा शब्द बोचतो तो या प्रकारामुळेच असावा. माझा आक्षेप सोपा आहे: गाळायचंच असेल तर तत्त्वमीमांसा गाळा, शील गाळू नका. परलोक काढला तरी इमारत उभी राहते; पंचशील काढलं तर ध्यान म्हणजे नुसती एकाग्रता, आणि एकाग्रता चांगल्या चोरालाही लागतेच.

फायद्यांबद्दलही तोलून बोलावं. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार सहभागींचा आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फायदा दिसला. पण औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 'ध्यानाने सगळे रोग बरे होतात' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, मग तो भगवा घालो, चीवर घालो की सूट.

धोक्यांबद्दल आपल्याकडे बोलतच नाहीत. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांच्या गटाने २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्या बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीतीचे झटके, झोप उडणं, 'मी' असल्याची जाणीवच हरवणं असे अनुभव नोंदलेले आहेत, आणि ते फक्त नवशिक्यांचे नाहीत. पूर्वी तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भ्रमाचा आजार होऊन गेला असेल, किंवा नुकताच मोठा आघात झाला असेल, तर दहा दिवसांच्या मौनात जाऊ नये. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता कधीही बंद करू नयेत. अज्ञेयवादी असण्याचा इथे एक रोकडा फायदा होतो. प्रत्येक त्रासाला 'शुद्धी होतेय, बसून राहा' म्हणण्याची सक्ती तुमच्यावर नसते. तीन रात्री झोप लागली नाही, तर ती झोप न लागणंच आहे. उठा, शिक्षकांना सांगा, गरज पडली तर घरी या.

घरी कसं बसता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून माझी रीत सांगते. सकाळी अर्धा तास, जमलं तर संध्याकाळी थोडा वेळ. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते, पाठ सैल पण सरळ. पहिली दहा मिनिटं नाकपुड्यांशी श्वास. मग डोक्यापासून पायापर्यंत एकदा फिरायचं, काही विशेष जाणवलं नाही तरी. त्यानंतर सुखद, दुःखद की मधलं, एवढंच लक्षात घेत बसायचं. मधलं जास्त पाहा. आपला बहुतेक दिवस तिथेच जातो आणि तिथेच हात मोबाइलकडे जातो. शेवटची पाच मिनिटं मैत्री. नावडत्या माणसापर्यंत पोचताना घाई करू नये. काही दिवस फक्त वॉचमन, भाजीवाली, बसमधला शेजारी एवढ्यावर थांबलं तरी चालतं.

आणि रात्री राहुलाचा, म्हणजे बुद्धांच्या मुलाचा, धडा. बुद्ध राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी? बघण्यासाठी. तसं काही करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावं, याने मला, दुसऱ्याला, दोघांना त्रास होतोय का? अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे उपदेश निवडले, त्यांत राहुलाला खोटं बोलण्याबद्दल केलेला उपदेश आहे. सम्राटाला सगळ्या वाङ्मयातून निवडावासा वाटला तो हा धडा, आणि त्यासाठी कुठलाही विश्वास लागत नाही.

राहिलं त्रिशरण. मोकळ्या मनाने म्हणा. त्यात कुणा देवाकडे काही मागणं नाही. पंचशील म्हणजेही आज्ञा नाहीत. 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' म्हणताना तुम्ही स्वतःहून एक शिस्त पत्करता. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचून पाहा, पहिल्या काही प्रतिज्ञांत तुमच्या विवेकवादी घराला शोभेल असा खणखणीत नकार आहे. खरं तर सासरच्या घरात पुनर्जन्म मानणारं माणूस शोधायला तुम्हाला कष्ट पडतील. तुम्ही ज्या ढोंगाला घाबरताय त्याची तिथे कुणी अपेक्षाच करत नाही. आमच्या ओळखीच्या एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर आनापान ठेवायला सुरुवात झाली, आता म्हाताऱ्या बायाही त्यासाठी थांबतात. सासूबाईंच्या विहारात कुणाची हरकत नसेल तर तुम्हीच पुढाकार घ्या. पंखे चालू ठेवा, गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन-चार खुर्च्या मागे लावा, आणि पोरंटोरं असतील तेव्हा दहा मिनिटांच्या वर ताणू नका.